वर न चढणारे बंबमामा

बंबमामांना नोकरी लागली ती रांग चुकल्यामुळे.

नगरपालिकेत भरती होती आणि आवारात दोन रांगा होत्या. एक बागखात्याची, दुसरी अग्निशमन दलाची. तेव्हा ते कुणाचे मामा नव्हते. शिंप्याचा थोरला मुलगा, एवढीच त्यांची ओळख. अंगाने धिप्पाड, आवाज खणखणीत, पण स्वभाव असा की रस्त्यात कुणी धक्का दिला तर हेच माफी मागणार. वडिलांनी सकाळी बजावून पाठवलं होतं, "बागेच्या रांगेत उभा राहा. झाडांना पाणी घालायचं, संध्याकाळी घरी यायचं. सुखाचं काम आहे." आवारात गर्दी उसळलेली. यांनी पुढच्या माणसाला विचारून खात्री करून घेतली, "पाणी मारायचं काम इथेच ना?" तो म्हणाला, "इथेच." दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

चूक लक्षात आली तोवर त्यांच्या खांद्यावर वाळूचं पोतं होतं आणि मैदानाला अर्धी फेरी झाली होती. पोतं टाकून पळून जाणं त्यांच्या स्वभावात बसेना. त्यांनी फेरी पुरी केली आणि वर भरती घेणाऱ्या साहेबांना विचारलं, "कुठे ठेवू?" साहेब खूश झाले. बाकीच्यांनी पोतं नुसतंच आदळलं होतं.

पुढची परीक्षा शिडीची होती, आणि ती बघून हे रांगेत दोन माणसं मागे सरकले. कारण या धिप्पाड माणसाला उंचीची भयंकर भीती होती. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभं राहायचं म्हटलं की तळहात ओले व्हायचे. जत्रेतल्या पाळण्यात न बसलेलं गावातलं एकमेव मूल म्हणून लहानपणी त्यांची ख्याती होती. आपण जाऊन खरं काय ते सांगावं, असं त्यांनी ठरवलं. पण त्यांच्या आधीचा उमेदवार शिडीवर अर्ध्यात पोचला आणि नगरपालिकेची ती शिडी मधोमध मोडली. उमेदवार वर लोंबकळत राहिला. त्याला उतरवायला अख्खं अग्निशमन दल लागलं. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि जाहीर केलं, "शिडी दुरुस्त होईपर्यंत ही परीक्षा तहकूब."

शिडी दुरुस्त व्हायच्या आत नेमणुका झाल्या.

घरी येऊन खरं सांगायचं होतं, पण वडिलांनी तोवर गल्लीभर सांगून टाकलं होतं. लेकाचा गणवेश त्यांनी स्वतः शिवायला घेतला. बटणं लावताना त्यांचे डोळे इतके भरून येत होते की एक बटण भलत्याच काजासमोर लागलं. असा गणवेश अंगावर चढल्यावर "बाबा, मला उंचीची भीती वाटते" हे वाक्य कुठल्या तोंडाने म्हणणार? ते राहूनच गेलं.

अग्निशमन केंद्र म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड, शेजारी एक खोली, खोलीत टेलिफोन आणि शेडमध्ये लाल बंब. माणसं मोजकीच. ड्रायव्हर आयुष्यभर सायरनशेजारी बसल्यामुळे कानाने अधू झाला होता आणि त्याला सगळं दोनदा सांगावं लागे. दुसरा शिडीवाला. काडीसारखा बारीक, पण भिंतीवर पाल चढावी तसा कशावरही चढणारा. शिडीवाला होता म्हणून यांचं निभावलं. वर जायची वेळ आली की हे भारदस्त आवाजात म्हणायचे, "तू हो पुढे, मी खालून शिडी धरतो." आणि शिडी ते अशी धरायचे की शिडीवाला म्हणायचा, "तुम्ही धरलीत की मला वर झोप लागेल."

केंद्रासमोरच त्यांची धाकटी बहीण राहायची. तिची मुलं दिवसभर बंबाभोवती घुटमळत आणि मामा, मामा करत. त्यांचं ऐकून शेजारची मुलं मामा म्हणू लागली, मग मुलांच्या आया, मग वाणी, मग पोस्टमन. वर्षभरात ते अख्ख्या गावाचे बंबमामा झाले. वडीलसुद्धा एकदा चुकून मामा म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

यथावकाश लग्न झालं. बायको बालवाडीची शिक्षिका होती. उंचीने यांच्या खांद्याला लागायची, पण आवाज असा की घंटा वाजवायची गरज पडत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "अहो, जरा स्टुलावर चढून पडद्याचा खिळा ठोका ना."

मामा म्हणाले, "भिंत कच्ची वाटतेय."

"कालच तुम्ही म्हणालात, भिंत दगडी आहे."

"मग खिळा कच्चा असेल."

तिने पदरचा हातोडा घेतला, म्हणजे माहेरून आणलेला, आणि स्टुलावर उभी राहून दोन ठोक्यांत खिळा बसवला. मग वरूनच नवऱ्याकडे बघत म्हणाली, "किती दिवस लपवणार होतात?"

"निवृत्तीपर्यंत," मामा म्हणाले.

ती इतकी हसली की तिला स्टुलावरून उतरावं लागलं. पण त्यानंतर तिने हा विषय कधी चारचौघांत काढला नाही. घरातले सगळे खिळे तीच ठोकायची, आणि कुणी आलं की म्हणायची, "यांनीच ठोकले."

गावात आगी कमीच लागत. फोन मात्र सारखा वाजे. कुणाची मांजर झाडावर, कुणाच्या बोटात अंगठी अडकलेली, कुणी किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतलेलं. एका वकिलाच्या लेकीने बँकेच्या जिन्याच्या कठड्यात डोकं घातलं आणि ते बाहेर येईना. वकील ओरडत होता, "कठडा कापा!" बँकेचा मॅनेजर ओरडत होता, "कठड्याला हात लावू नका!" मामा पोरीशेजारी फरशीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बाळ, एवढं अवघड काम तुला जमलं कसं? मला नाही येत." पोरीला मोठेपणा वाटला. तिने मान तिरकी केली, हनुवटी वर केली, कान दाबले आणि डोकं बाहेर काढून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून तिने ते लगेच पुन्हा आत घातलं. त्या दिवशी बँक उशिरा बंद झाली.

आणि दातांच्या डॉक्टरांचा पोपट. तो पिंजऱ्यातून निसटून पोस्टासमोरच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसला. नेमका शिडीवाला रजेवर. डॉक्टर म्हणाले, "मामा, चढा ना वर!" मामांनी झाडाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "डॉक्टर, वर चढून कुणाला खाली आणता येत नाही. आपण वर गेलो की तो आणखी वर जातो. ज्याला खाली यायचंय, त्याला ते स्वतःला वाटायला हवं."

बोलले ते केवळ जीव वाचवायला. पण पोस्टाच्या रांगेतल्या लोकांना ते फार खोल वाटलं. एका निवृत्त हेडमास्तरांनी तर मान डोलावून शेजाऱ्याला सांगितलं, "हा माणूस नुसता बंबवाला नाही." मामा दुपारभर झाडाखाली उभे राहून पोपटाशी गोड बोलले. शेवटी पोपट उतरला, पण तो ड्रायव्हरच्या डोक्यावर. एवढा वेळ न बोललेला माणूस तोच एक होता. तरी नाव मामांचंच झालं. बंबमामा वर चढत नाहीत, वरच्याला खाली आणतात, असं गाव कौतुकाने सांगू लागलं. मामा हे ऐकून ओशाळायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

पण म्हणून ते भित्रे होते असं कुणी समजू नये. जमिनीवर त्यांच्यासारखा माणूस नव्हता. गाद्यांच्या कारखान्याला आग लागली तेव्हा ते सगळ्यांनी पाहिलं. कापूस पेटलेला, धूर असा की स्वतःचा हात दिसू नये. आत कामाला असलेल्या दोन बाया आणि मालकाचे म्हातारे वडील अडकले होते. मामांनी ओलं पोतं डोक्यावर घेतलं, जमिनीवर पालथे पडले आणि सरपटत आत गेले. एकीला आणलं, परत गेले. दुसरीला आणलं, परत गेले. म्हातारेबुवांना आणायला बराच वेळ लागला, कारण ते म्हणत होते, "आधी माझा चष्मा शोधा." मामांनी चष्माही आणला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळे पुढे महिनाभर त्यांना काहीही सांगितलं तरी ते चकित झाल्यासारखे दिसत.

त्या रात्री बायकोने कपाळाला मलम लावलं. मग म्हणाली, "भुवया काय, येतील परत." आणि उठून आत गेली. आतून भांडी जरा जास्तच आपटल्याचा आवाज आला. मामा ओळखून होते. ते उठले आणि भांडी पुसायला तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले.

पुढे मामा केंद्राचे प्रमुख झाले. केसांत पांढरं आलं, ड्रायव्हरला सगळं तीनदा सांगावं लागू लागलं, आणि गावाला नवे नगराध्यक्ष मिळाले.

नगराध्यक्ष आधी तसबिरींच्या चौकटी विकत. माणूस वाईट नव्हता, पण उद्घाटनाचं वेड भारी. रंग दिलेल्या बाकाचं उद्घाटन, नव्या गतिरोधकाचं उद्घाटन. फीत कापायची कात्री ते स्वतःच्या खिशात बाळगून असत. उद्घाटन न झालेली एकही जागा उरली नाही तेव्हा त्यांची नजर अग्निशमन केंद्रावर गेली. एक दिवस शेडमध्ये येऊन चहूकडे बघत म्हणाले, "मामा, जागा मोक्याची आहे हो. इथे दुकानांचे गाळे काय झकास होतील! नाहीतरी गावात आगी कुठे लागतात?"

"साहेब," मामा म्हणाले, "तुम्ही आजारी नसता तेव्हा दवाखाना पाडतात का?"

नगराध्यक्षांनी क्षणभर विचार केला. "कल्पना वाईट नाही," ते म्हणाले. "ती जागाही मोठी आहे."

मामा घरी येऊन जेवलेच नाहीत. नगरपालिकेच्या पुढच्या बैठकीत गाळ्यांचा ठराव येणार आणि बंब शेजारच्या गावी पाठवणार, असं पक्कं झालं होतं. बायको म्हणाली, "बोला ना चार माणसांशी. लोक तुमचं ऐकतात." मामा म्हणाले, "स्वतःच्या खुर्चीसाठी कसं बोलू?" ती म्हणाली, "खुर्चीसाठी नाही, बंबासाठी बोला." पण मामांना ते जमेना. दुसऱ्यासाठी आगीत शिरणारा हा माणूस स्वतःसाठी कुणाच्या दारात जायला लाजत होता.

बैठकीच्या आधी चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याचा समारंभ आला. ते घड्याळ वर्षानुवर्षं बंद होतं. आता ते दुरुस्त झालं होतं आणि स्वतः नगराध्यक्ष मनोऱ्यावर जाऊन काटे फिरवणार होते, तिथूनच भाषण करणार होते. खाली मंडप, कर्णे, बालवाडीची मुलं स्वागतगीत म्हणायला रांगेत, त्यांच्यापुढे त्यांच्या बाई, म्हणजे मामांच्या मंडळी. नगराध्यक्षांच्या कॉलरला छोटा माइक लावलेला. बरोबर फक्त फोटोग्राफर.

काटे फिरले, टाळ्या झाल्या. इथवर ठीक होतं. पण फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, सज्जात जरा पुढे या. चेहरा सावलीत जातोय." साहेब पुढे आले. फोटोग्राफर म्हणाला, "आता खाली लोकांकडे बघून हसा."

साहेबांनी खाली पाहिलं, आणि त्यांच्या पायांतलं बळच गेलं. ते होते तिथे मटकन बसले, दोन्ही हातांनी कठडा कवटाळला आणि कर्ण्यांतून आवाज आला, "आई गं!" माइकवाला हुशार होता. साहेबांची अब्रू जाऊ नये म्हणून त्याने चटकन आवाज बंद केला. फोटोग्राफरने साहेबांना उठवायचा प्रयत्न केला, तर साहेबांनी त्याचीच मान धरली. तो कॅमेऱ्याचा पट्टा साहेबांच्या मुठीत सोडून धावत खाली आला आणि त्याने केंद्रात फोन केला.

बंब सायरन वाजवत चौकात आला. शिडीवाला नेमका अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात. ड्रायव्हरचे गुडघे गेलेले. बाकी दोघं नवी पोरं, प्रशिक्षणाला बाहेरगावी. मामा मनोऱ्याखाली उभे राहिले आणि नेहमीचं भांडवल काढलं. "साहेब! सावकाश उठा! तुम्हाला स्वतःला वाटलं की खाली येता येतं!"

वरून साहेब किंचाळले, "मला स्वतःला वाटतंय हो! पायांना वाटत नाही! तुम्ही वर या!"

गर्दी मामांकडे बघू लागली. कौतुकाने, विश्वासाने. कुणीतरी ओरडलं, "मामा निघाले, काळजी नको!" आता काय बोलणार? मामांनी बायकोकडे पाहिलं. ती मुलांच्या रांगेपुढे उभी होती. तिने हळूच मान हलवली, 'जाऊ नका' अशी. आणि मामा गेले.

मनोऱ्याच्या आतला जिना त्यांना जमला, कारण चहूबाजूंनी भिंत होती. घड्याळाच्या खोलीत यंत्राचा टकटकाट इतका की आपले विचार आपल्याला ऐकू येऊ नयेत. तिथून एक बुटकं दार सज्जात उघडत होतं. मामा गुडघ्यांवर आले, डोळे मिटले आणि सरपटत बाहेर निघाले. आगीत शिरायचे तसेच. हाताला साहेबांचा कोट लागला तेव्हा ते थांबले आणि डोळे उघडले. ही त्यांची चूक झाली. कठड्याच्या गजांमधून खाली चौक दिसला, माणसं मुंग्यांएवढी, आणि आपला लाल बंब खेळण्यातला वाटावा इतका लहान.

"धरलंत का मला?" साहेबांनी विचारलं.

"धरलं."

"मग चला."

"थांबा जरा."

"का?"

"एका हाताने तुम्हाला धरलंय," मामा म्हणाले. "दुसऱ्या हाताने कठडा. तो सुटत नाहीये."

इकडे खाली लोकांना वर काय चाललंय ते कळेना. माइकवाल्यालाही राहवेना. मामा पोचले म्हणजे आता धोका टळला, असं समजून त्याने आवाज सुरू केला, तोही पूर्ण. वरच्या दोघांना यंत्राच्या टकटकाटात ते कळलंच नाही. मामांना आपला आवाज कुठूनतरी घुमून आल्यासारखा वाटला, पण भीतीने कान वाजतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"मामा," कर्ण्यांतून साहेबांचा आवाज चौकभर घुमला, "तुम्ही घाबरलात की काय?"

"साहेब, मी जन्मापासून घाबरलेलाच आहे. मला स्टुलावर उभं राहता येत नाही."

"अहो, पण तुम्ही अग्निशमन दलात!"

"बागेची रांग चुकली," मामा म्हणाले.

सगळा चौक कर्ण्यांकडे बघू लागला. फक्त ड्रायव्हर शेजाऱ्याला विचारत होता, "काय म्हणाले?" शेजाऱ्याने त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "हात्तिच्या! मला वाटलं, त्यांना पोपट आवडत नाहीत."

वर साहेबांना हसू फुटलं. भीतीत हसू आलं की माणूस फार खरं बोलतो. "आता इथून काही आपण जिवंत उतरत नाही," ते म्हणाले, "तर सांगून टाकतो. ते गाळे काही मला नको आहेत हो. मेव्हण्याला हवेत. ही म्हणते, माझ्या भावाला गाळा द्या, नाहीतर घरात पाऊल टाकू नका. मला तर बंब फार आवडतो. लहानपणी मला बंबवालाच व्हायचं होतं. उंची कमी भरली म्हणून घेतलं नाही."

"आणि मला घेतलं," मामा उसासा टाकून म्हणाले.

मंडपात पहिल्या रांगेत साहेबांच्या पत्नी बसल्या होत्या आणि शेजारी नवा सूट घालून मेव्हणा. सगळा चौक त्यांच्याकडे वळला. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि हास्याचा बांधच फुटला. पोरं बोटं दाखवू लागली, तरुण मंडळी वर बघून शिट्ट्या मारू लागली. "मामा, उडी मारा, झेलतो!"

बालवाडीच्या बाईंनी वर पाहिलं. नवऱ्याची कठड्यावरची बोटं तेवढी दिसत होती. त्या मंडपातल्या व्यासपीठावर चढल्या आणि तिथला माइक हातात घेतला.

"हसणं बंद."

हसणं बंद झालं. चौकातली निम्मी माणसं कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेली होती. उरलेल्यांची मुलं जात होती.

"माना खाली. सगळ्यांनी. कुणीही वर बघायचं नाही."

आणि अख्ख्या चौकाने माना खाली घातल्या. शिट्ट्या मारणाऱ्यांनी घातल्या, फोटोग्राफरने घातली, हेडमास्तरांनी घातली. बदलीवर आलेले पोलीस इन्स्पेक्टर त्यांचे विद्यार्थी नव्हते, पण त्यांचीही मान आपोआप गेली. मेव्हण्याची तर आधीच खाली होती.

मग बाई नेहमीच्या, घरातल्या आवाजात म्हणाल्या, "अहो."

चौक आता इतका शांत होता की तो शब्द यंत्राच्या टकटकाटातूनही मनोऱ्यावर पोचला.

"अगं, तू?" मामा म्हणाले आणि त्यांचा स्वतःचा आवाज चौकातून त्यांच्यापाशी परत आला. त्यांनी साहेबांच्या कॉलरकडे पाहिलं. सगळा उलगडा झाला. "ऐकलं का गं सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. ड्रायव्हरनेसुद्धा."

मामांनी डोळे मिटले.

"आता काही लपवायचं उरलं नाही, तेव्हा निवांत व्हा," बाई म्हणाल्या. "कुणी बघत नाहीये. मीसुद्धा नाही. डोळे मिटलेलेच राहू द्या. साहेब, तुम्हीही मिटा. कठडा एकदम सोडायचा नाही, आधी फक्त बोटं जरा सैल करायची. झाली? आता बसल्या बसल्या मागे सरकायचं. घसरगुंडीवर वर जाऊन घाबरलेली मुलं सरकतात ना, तसं. साहेब, मामांचा शर्ट धरा. शाब्बास. अजून थोडं. घाई कुणालाही नाही."

पुढे काय झालं ते कुणी पाहिलं नाही. एवढा मोठा गर्दीचा चौक, पण सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. कर्ण्यांतून फक्त कापड घासल्याचा आवाज आणि साहेबांचं "सरकतोय, बाई, सरकतोय" एवढंच ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने मनोऱ्याचं खालचं दार करकरलं. मामा बाहेर आले, त्यांच्या शर्टाचं टोक धरून मागे नगराध्यक्ष. समोर शेकडो माणसांची नुसती डोकी. त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "अगं, आलो."

"माना वर," बाई म्हणाल्या, आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला त्याने घड्याळावरची कबुतरं उडाली.

त्या संध्याकाळी मामा घरी राजीनामा लिहायला बसले. "आता कुठल्या तोंडाने बंबावर बसू?" ते म्हणाले.

"ज्या तोंडाने इतकी वर्षं बसलात त्यानेच," बायको म्हणाली. "भीती वाटत असून गेलात ना वर? मी नको म्हटलं तरी."

मामा काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. नगराध्यक्ष होते. आवाज दबका. "मामा, जरा घरी येता का? दार उघडत नाहीये."

"किल्ली आत राहिली का, साहेब?"

"नाही. ही आतून कडी लावून बसली आहे."

"साहेब," मामा नम्रपणे म्हणाले, "आतून लावलेली कडी आमच्या खात्यात येत नाही." तरी ते गेले. दाराबाहेर पायरीवर साहेबांशेजारी बसून राहिले आणि कडी निघाल्यावरच परतले. राजीनामा राहून गेला.

बैठकीत गाळ्यांचा विषय निघालाच नाही. काढायची कुणाची टापच नव्हती, कर्ण्यावरून अख्ख्या गावाने ऐकलेलं. मेव्हण्याने बाजारामागे टोप्यांचं दुकान काढलं आणि ते बरं चाललं. नगराध्यक्षांनी मात्र एक हट्ट पुरवून घेतला. बंबाला नवा रंग दिल्यावर त्याचं उद्घाटन केलं आणि ड्रायव्हरशेजारी बसून गावाला फेरी मारली. सायरनची दोरी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

लोक मामांना हसले, नाही असं नाही. महिनाभर वाण्याच्या दुकानात कुणी ना कुणी म्हणायचं, "मामा, वरच्या फळीवरचा डबा देता काढून?" मामाही हसायचे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोकळं वाटत होतं. फोनवर आता लोक आधीच सांगत, "मांजर पत्र्यावर आहे. तुम्ही खालीच थांबा, फक्त या." आणि ते जात. खाली उभे राहत, शिडी धरत, वर चढलेल्या शेजाऱ्याला धीर देत. त्यात ते तरबेज होते. वर गेलेल्या माणसाच्या मनात नेमकं काय चालतं, हे गावात त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

निवृत्तीच्या समारंभात नगराध्यक्ष बोलायला उठले आणि रडायलाच लागले. मामांनी त्यांना पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, आणि स्वतःचं भाषण करायचं विसरून सगळ्यांना चहाला बोलावलं. वडील नव्हते आता. पण गणवेश उतरवून घडी घालताना मामांनी तो बराच वेळ मांडीवर ठेवला होता.

केंद्रात नवा प्रमुख आला. चटपटीत, शिकलेला, बाहेरगावचा. पहिला महिनाभर तो टेलिफोनकडे बघत बसला. तो वाजेचना. त्याला वाटलं, लाईन बिघडली. लाईन ठीक होती. गाव मामांच्या घरी फोन करत होतं. कुणाची अंगठी, कुणाची किल्ली, कुणाचा नळ. एका आजींना तर नुसतं विचारायचं होतं की ढग आलेत, तर वाळवण उचलू का. मामा प्रत्येकाला नीट उत्तर देत बसायचे, जेवण थंड व्हायचं. शेवटी बाईंनी फोन आपल्या खुर्चीशेजारी घेतला. आता रिंग वाजली की त्याच उचलतात, आणि त्यांचा आवाज ओळखून पलीकडचा माणूस आपोआप सरळ उभा राहतो.

"आग आहे का? नाही ना? मग रडायचं थांबा आणि सांगा. अंगठी? साबण लावा. निघाली? बघा. आता अंगठी नीट ठेवून द्या आणि हात धुवा. मामा? मामा जेवतायत. चारनंतर करा."

मामा आतून विचारतात, "कोण गं?"

"कुणी नाही," बाई म्हणतात. "जेवा तुम्ही."